अभ्यंगासाठी कुठलं तेल? तिळाचं लावलं तर पाठीवर फोड आले

कोरडीठाक
नमस्कार मंडळी. माझी त्वचा कायमच कोरडी, पोटऱ्यांवर तर नखाने रेघ मारली की पांढरी उमटते. नेटवर ती प्रकृती ओळखा वाली प्रश्नावली भरली, उत्तर आलं वात, आणि खाली लिहिलेलं की वातवाल्यांनी तिळाचं तेल लावा. घरात स्वयंपाकाची बाटली होती, तेच घेतलं, रात्री सगळ्या अंगाला चोपडलं आणि जुना टीशर्ट घालून झोपले. पहिले दोन दिवस पाय एकदम मऊ, मी खूश. तिसऱ्या दिवशी पाठीवर आणि छातीवर बारीक बारीक फोड, खाज पण, आणि अंगाला दिवसभर चटणीसारखा वास येत होता तो वेगळाच. नवरा म्हणाला आता फोडणी द्यायची बाकी आहे. तर आता तीळ सोडून खोबरेल घेऊ, बदाम घेऊ की ते औषधी नारायण तेल वगैरे असतं ते? रोज केलं तर चालतं का? आणि पायांना फायदा झाला मग पाठीला त्रास का?

सकाळची_पाळी
चटणीसारखा वास म्हणजे तेल गडद तपकिरी आहे ना? ते भाजलेल्या तिळाचं आहे हो, वरून चव द्यायला वापरतात ते. अंगाला लावायचं ते कच्च्या तिळाचं, घाण्याचं, रंगाला फिकट पिवळं आणि वासाला अगदी मंद. मी पण सुरुवातीला हीच चूक केलेली म्हणून लगेच कळलं.

पण फोड त्यामुळेच आले असतील असं मला वाटत नाही. तुम्ही रात्रभर तेल अंगावर ठेवलंत, वरून टीशर्ट, त्यात घाम. पाठ आणि छाती आधीच तेलकट जागा, तिथे केसांच्या मुळाशी छिद्रं बुजली की असे फोड येतात. पोटऱ्या कोरड्या म्हणून त्यांना मानवलं. अभ्यंग हे अंघोळीच्या आधीचं काम आहे. लावा, पंधरा वीस मिनिटं चोळा, थोडं थांबा आणि कोमट पाण्याने अंघोळ करा. फोड जाईपर्यंत पाठ छातीला काहीच लावू नका, आणि खाज वाढली किंवा अंगावर गांधी उठल्या तर तीळ कायमचा बंद करून डॉक्टरला दाखवा, कारण तिळाची अ‍ॅलर्जी असते काही जणांना.

वाटीभर_तेल
वरच्या ताईंशी सहमत. माझं थोडं वेगळं म्हणणं त्या प्रश्नावलीबद्दल. दहा प्रश्नांत कुणाची प्रकृती कळत नसते, वैद्य नाडी बघून, झोप, भूक, पोट सगळं विचारून ठरवतात, आणि तरीही ऋतू बदलला की सल्ला बदलतो. तीळ उष्ण मानतात, खोबरेल थंड, मोहरी तिळापेक्षाही तिखट. म्हणून थंडीत तीळ आणि उन्हाळ्यात खोबरेल एवढं धरून चाललात तरी पुष्कळ. मोहरीचं मात्र नाजूक त्वचेला आणि लहान बाळांना टाळलेलंच बरं, आग होते, लाल होतं. बदाम हलकं असतं, चांगलं आहे, पण त्यात जादू काही नाही.

नवीन कुठलंही तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून एक दिवस थांबा. एवढं केलं असतंत तर पाठ वाचली असती 🙂

तेल कोमट करायला गॅसवर ठेवू नका. वाटीत तीन चार चमचे घ्या, ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, पाच मिनिटांत होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचं, चटका नाही आणि गारही नाही असं. अख्ख्या अंगाला तेवढं पुरतं, लोक अर्धी बाटली ओततात आणि मग तेल मानवत नाही म्हणतात. हातापायांना लांब लांब हात फिरवायचा, सांध्यांवर गोल गोल, पोटावर घड्याळाच्या दिशेने आणि हलक्या हाताने. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग सांगितलाय आणि त्यातही डोकं, कान, पाय यांच्यावर भर आहे. वेळ नसेल त्या दिवशी मी फक्त तळपाय करतो, झोपायच्या आधी, वर जुने मोजे. कानात मात्र स्वतःच्या मनाने तेल ओतू नका, पडद्याला भोक असेल तर भलतंच होऊन बसेल.

पाय_घसरला
माझं नाव वाचलंत ना, त्यावरून समजा. तेलाच्या तळव्यांनी ओल्या फरशीवर गेले आणि मनगट प्लास्टरमध्ये. तेव्हापासून तळपाय सगळ्यात शेवटी, ते पण बाथरूममध्येच स्टुलावर बसून, आणि उठायच्या आधी जुन्या फडक्याने पुसून घेते. अंघोळीत साबण खसाखसा लावू नका, नाहीतर लावलेलं सगळं धुऊन परत कोरडे व्हाल. काखा, जांघा एवढ्यालाच साबण, बाकी अंगाला चमचाभर बेसन पाण्यात कालवून. टॉवेल वेगळा ठेवा, त्याचा वास जात नाही. आणि तेलकट टॉवेल ड्रायरमध्ये घालू नका, गरम तेलकट कपडे ढिगात आपोआप पेट घेऊ शकतात, ही गंमत नाही.

कोरडीठाक
बापरे, एवढं काही असतं! हो, बाटली तपकिरीच निघाली, गेली परत फोडणीच्या कपाटात. फोड बसतायत. पण नारायण तेलाचं कुणी बोललंच नाही, माझा उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, त्याला चालेल का?

वाटीभर_तेल
ते सिद्ध तेल. तिळाच्याच तेलात औषधांचा कल्क (म्हणजे वाटलेला लगदा) आणि काढा घालून पाणी उडेपर्यंत शिजवतात, साधारण एक भाग कल्क, चार भाग तेल, सोळा भाग काढा किंवा दूध असं प्रमाण. म्हणजे बेस तीळच, त्यामुळे तीळ सोसला नाही तर हेही सोसणार नाही, आधी साधं तेल लावून बघा. गुडघ्याला चमचाभर घेऊन दहा मिनिटं हलक्या हाताने, मग गरम शेक, बरं वाटतं बऱ्याच जणांना. पण गुडघा सुजलेला, गरम, लाल असेल तर चोळायचं नाही. पोटरी एका बाजूची अचानक सुजून दुखायला लागली तर अजिबात मालिश नको, सरळ डॉक्टर, रक्ताची गुठळी असू शकते.

ताप, अपचन असेल तेव्हा आणि जेवल्याजेवल्या अभ्यंग नाही. बाकी रोज करायचं का तर जमेल तसं, मी आठवड्यातून तीनदा करतो, चौथ्या दिवशी आळस.

सकाळची_पाळी
आणि बाटली काचेची, गडद, उन्हापासून लांब. झाकण उघडल्यावर खवट वास आला तर फेकून द्या, अंगाला तर लावूच नका.

कोरडीठाक
उद्या फक्त पोटऱ्या. टॉवेल नवऱ्याचा घेते.