नागपुरात ३५ लाखाच्या आत घर पायजे, पण बाबाच्या ॲम्बेसेडरले छत पायजेच. कुठं पाहू?

आर्वीकडचा_गडी

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातला, शेती अन गावातच छोटं कृषी केंद्र हाय. बायकोची बदली नागपुरले झाली, पोरगी पुढच्या वर्षी अकरावीत जाईन, म्हणून नागपुरात घर घ्याचं ठरवलं. बजेट ३५ लाख, त्यातले २० बँकेचे. दोन बेडरूम पायजे, जुनं असलं तरी चालते.

आता खरी गोष्ट सांगतो. आमच्याकडं १९९५ ची ॲम्बेसेडर हाय, १८०० आयएसझेड, इसुझु इंजिनवाली, एमएच ३२ पासिंग. त्या साली कापसाचा चुकारा एकदम भेटला अन बाबानं आज्याले न इचारता गाडी आणली, आजा मंग महिनाभर बोलला नव्हता म्हणते त्याईच्याशी. पोळ्याले बैलाच्या आधी तिची अंघोळ होते आमच्या घरी. आता बाबा ७६ चे, गुडघ्याचं अन बीपीचं नागपुरातच दाखवा लागते, पण ते म्हणते मी येतो तं गाडी येईन, गाडी नाई तं मी बी नाई. इकडं ठेवाव म्हणलं तं वाड्याची एक भिंत मागच्या पावसाळ्यात बसली, कोठ्यात उभी करतो तं उंदरं वायरिंग खाऊन टाकते.

चार-पाच स्कीम पाहून झाल्या. सगळेच म्हणते "पार्किंग है ना भाऊ, टेन्शन मत लो". एकानं पार्किंगचे दोन लाख वेगळे सांगतले, एकानं फुकट म्हणलं पण नकाशा दाखवाले तयार नाई. मले सांगा नेमकं काय पाहू अन कोणत्या भागात पाहू. येणंजाणं विरूळवरून समृद्धीनं राहीन म्हणून दक्षिण नागपूर सोपं पडते आमाले (बाबा गाडी ७० च्या वर नेत नाई तो भाग वेगळा, मागचे ट्रकवाले शिव्या देत जाते).

संत्राबर्फी

भाऊ तुमची पोस्ट वाचून माझ्या मामाची फियाट आठवली, तिचं शेवटी काय झालं ते नाही सांगत, वाईट वाटेल.

मी काटोलचा, १२ वर्षं झाली नागपुरात मनीषनगरला राहतो. एकच सांगतो, फ्लॅट नंतर पाहा आधी खालची पार्किंग पाहा अन ते पण संध्याकाळी आठ नंतर जाऊन पाहा. दुपारी अकराला बिल्डरचा माणूस दाखवतो तेव्हा अर्ध्या गाड्या ऑफिसले गेलेल्या असतात, सगळं मोकळं मोकळं दिसते. रात्री पाहाल तर स्कूटर, सायकली, कोणाचा कूलरचा सांगाडा, कोणाच्या मुलीच्या लग्नातला सोफा, सगळं त्या स्टिल्टमधेच (म्हणजे इमारतीखाली कॉलमवर मोकळी ठेवलेली पार्किंगची जागा).

टेप घेऊन जा. नियमात गाडीची जागा २.५ मीटर बाय ५ मीटर धरतात, म्हणजे रुंदी साधारण आठ फूट दोन इंच. ॲम्बेसेडर लांबीला ४.३ मीटरच्या आसपास, म्हणजे लांबीचा प्रश्न नाही, पण दोन्हीकडून कॉलम असले तर दार उघडून बाबांना उतरता यायला पाहिजे ना, तिची दारं काय आजकालच्या गाडीसारखी नाहीत. एक बाजू भिंत अन ड्रायव्हरची बाजू मोकळी असा कोपरा भेटला तर सोनं. बेसमेंट असेल तर सरळ नाही म्हणा, का ते खाली कोणीतरी लिहीलच.

आमच्या इकडं आता ३५ मधे नवीन कठीण आहे, जुनं शोधा. बेसा बेलतरोडी हुडकेश्वर मानेवाडा दिघोरी या पट्ट्यात रीसेल भेटून जाईल. वहिनीचं ऑफिस सीताबर्डीकडं असेल तर वर्धा रोडच्या मेट्रोजवळ पाहा, म्हणजे रोज गाडी काढायची गरजच नाही, २०१९ पासून खापरी ते सीताबर्डी चालू आहे अन उन्हाळ्यात तर देवासारखी वाटते.

कापूसकोंड्या

बाप्पा, ३५ लाखाचं घर गाडीसाठी? त्यापेक्षा वाड्याची भिंत बांधा, वरतून टिना टाका, लोखंडी दार लावा, मांजर पाळा. दोन लाखात काम. बाबाले सांगा गाडी गावातच खुश हाय, तिले नागपूरचं पाणी लागन.

आर्वीकडचा_गडी

@कापूसकोंड्या भाऊ हे सगळं बोलून झालं. "मंग मले बी मांजरासोबत इथंच ठेवा" म्हणे.

रिटायर_दुय्यम

मी नोंदणी खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडं कागदाचं सांगतो, कंटाळा येईल पण वाचा.

पहिली गोष्ट. स्टिल्टमधली किंवा उघड्यावरची पार्किंग फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात हेच सांगितलं, ती सामाईक जागा आहे. रेराच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्यात "गॅरेज" म्हणजे वर छत आणि तीन बाजूंनी भिंत असलेली जागा, नुसत्या चार कॉलममधली मोकळी जागा त्यात येत नाही. तेव्हा जो माणूस दोन लाख मागतो त्याला विचारा, कशाचे? पावतीवर काय लिहून देणार? बहुतेक तिथेच विषय बदलतो. नवीन स्कीम असेल तर महारेराने (त्या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) एप्रिल २०२४ मध्ये काढलेला आदेश त्याच्यासमोर ठेवा, छताखालच्या पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची, इमारतीत नेमकी कुठे, हे सगळं करारनाम्याला जोडायचं आहे. तोंडी "कोपऱ्यातली तुमची" याला अर्थ नाही.

दुसरी गोष्ट आपल्या विदर्भातली. पुण्या-मुंबईत हाउसिंग सोसायटी असते, तिथे पार्किंगचं वाटप आमसभा करते आणि जागा कमी पडली तर चिठ्ठ्या टाकतात. आपल्या नागपुरात बहुतेक इमारती १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. तिथे "डीड ऑफ डिक्लरेशन" नावाचा नोंदणीकृत दस्त असतो, इमारतीची कुंडलीच म्हणा ना. त्यात कोणती जागा सगळ्यांची आणि कोणती ठरावीक फ्लॅटसाठी राखीव हे लिहिलेलं असतं, राखीव असेल तर "लिमिटेड कॉमन एरिया" असा शब्द सापडेल. तुमच्या फ्लॅटपुढे पार्किंगचा नंबर त्या दस्तात असेल आणि तोच नंबर विक्रीपत्रात आला तर तुमची बाजू भक्कम. विकणारा म्हणाला "मी १५ वर्षं इथेच लावतो", तर ते त्याचं पुण्य, तुम्हाला वारशात मिळत नाही. माझ्या नोकरीत असे शेजारी पाहिले की पार्किंगपायी लग्नाच्या पत्रिका देणं बंद झालं.

तिसरी. शहरातले बरेच लेआऊट आधी अनधिकृत होते, नंतर २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमित झाले. आरएल (नियमित केल्याचं पत्र) पाहा, मंजूर नकाशा पाहा, भोगवटा प्रमाणपत्र पाहा. बेसा-बेलतरोडीकडे जुन्या इमारतींना नुसती ग्रामपंचायतीची परवानगी दाखवतात, बँक तिथेच अडते. मंजूर नकाशात स्टिल्ट दाखवून प्रत्यक्षात तिथे दुकान किंवा वॉचमनची खोली काढलेली असेल तर सोडून द्या.

खर्चाचं थोडक्यात: वहिनींच्या एकट्यांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट, नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,०००. भोगवटा प्रमाणपत्र झालेल्या घराला जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेलं घेतलं तर ४५ लाखांपर्यंत आणि ९० चौरस मीटर कारपेटपर्यंत १ टक्का, त्यावर गेलं की ५. पार्किंगचे म्हणून वेगळे घेतलेले पैसेही त्या ४५ लाखांत धरतात.

मानेवाड्याची_ताई

बेसमेंटचं मी लिहिते. २३ सप्टेंबर २०२३ ला आम्ही अंबाझरी लेआऊटमधे भाड्यानं राहत होतो. पहाटे तीन साडेतीनला विजा अन नुसता धो धो, सकाळी पाहते तर खालच्या पार्किंगमधे छातीएवढं पाणी, तलाव ओव्हरफ्लो झाला होता अन नाग नदीचं पाणी उलटं आत. डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी सगळीकडं तेच. आमच्या ह्यांची गाडी गेटपर्यंत तरंगत आली होती, हसू येत नव्हतं तेव्हा. त्यात एका काकांनी पाणी उतरल्यावर लगेच चावी मारली, इंजिनात पाणी होतं, तिथंच गेलं. तर दादा घर पाहायला पावसाळ्यात जा, उन्हाळ्यात सगळी घरं चांगलीच दिसतात. आजूबाजूच्या किराणावाल्याला विचारा पाणी कुठवर येते, तो खरं सांगतो. भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का ते पाहा, नवा पेंट फक्त खालच्या तीन फुटालाच मारला असेल तर समजून जा 😀

आणि उघडी पार्किंग घेऊ नका. नागपूरचं मे महिन्याचं ऊन ४५ च्या वर, जुन्या गाडीचा रंग, डॅशबोर्ड, काचेचं रबर दोन उन्हाळ्यात खलास.

आम्ही नंतर इकडे मानेवाड्याला आलो, छोटं स्वतंत्र घर, समोर गेट अन पोर्च. तुमच्या बजेटमधे स्वतंत्र घर थोडं बाहेर जावं लागेल पण भांडणच नाही कोणाशी. फक्त गल्लीची रुंदी पाहा, समोरच्यानं गाडी लावली की आपली निघत नाही अशा गल्ल्या आहेत.

ग्रीसचा_हात

मी वर्ध्याले गॅरेज चालवतो, जुन्या ॲम्बी अजून येते माह्याकडं. कागद बिगद ठीक हाय पण एक काम करा, इसार द्याच्या आधी गाडी घेऊनच जा अन त्या जागेत लावून पाहा. टेपनं मोजलेलं अन स्टिअरिंग फिरवून लावलेलं यात लय फरक हाय. आयएसझेडले पॉवर स्टिअरिंग नसते, उभ्या गाडीवर दोन कॉलमच्या मधात वळवाले बाबाचा खांदा निघून जाईन. एका टर्नमधे आत गेली पायजे, मागंपुढं चार खेपा करा लागल्या तं ते जागा तुमची नाई. गेटातला उतार बी पाहा, लय चढ असन अन वरतून एकदम सपाट तं पोटाले सायलेन्सर घासते. ते मेकॅनिकल लिफ्टवाली पार्किंग कोणी दाखवली तं पळा, लाइट गेली की गाडी वरतीच अन बाबा खाली.

उभी राहणार असन तं बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवत जा, आठ दिवसातून एकदा नुसती चालू नका करू, दहा-पंधरा किलोमीटर फिरवा. प्लॅस्टिकचं कव्हर नाई, सुती. पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल येते, जुने रबरी पाइप सुजते, ते पाइप पयले बदलून घ्या. अन उंदरं नागपुरात बी हायेच.

संत्राबर्फी

@ग्रीसचा_हात लाखाची गोष्ट सांगितली. लोकं लग्नाआधी पत्रिका जुळवतात अन इथं दोन गाड्यांची किंमत देऊन जागा न पाहता घेतात.

आर्वीकडचा_गडी (दीड महिन्यानं)

मंडळी सगळ्यायचे धन्यवाद, आता काय झालं ते सांगतो, थोडं लांबन.

पयलं बेलतरोडीकडचं एक नवं पाहलं, ३४ लाख, लिफ्ट, बाग, सगळं चकाचक. ग्रीसवाल्या भाऊचं ऐकून ॲम्बेसेडर घेऊनच गेलो, बाबाच चालवत. गेटावरचा माणूस गाडी पाहूनच हसला. पार्किंग नंबर १७, टेपनं बरोबर भरली, पण समोर कॉलम असा की वळतच नाई, बाबानं सहा खेपा केल्या, घामाघूम, शेवटी त्यायचा माणूस म्हणे "काका, घर घेत आहात तर गाडी पण नवीन घ्या ना छोटी". बाबानं काच वर केली अन गाडी रिव्हर्स घेऊन सरळ रोडवर. म्या बी मंग मागून पळत.

दुसरं हुडकेश्वरकडं भेटलं. १० फ्लॅटची जुनी बिल्डिंग, रीसेल, पयला माळा, लिफ्ट नाई, ३१ लाख म्हणत होते, ३० वर तुटलं. रिटायर साहेबायनं सांगतलं तसं डिक्लरेशनची कॉपी मागतली तं विकणाऱ्याले माहीतच नव्हतं असं काही असते म्हणून, सब रजिस्ट्रारकडून नक्कल काढली. त्यात फ्लॅट १०२ पुढं पार्किंग पी-४ लिहून हाय, मागच्या भिंतीले लागून, ड्रायव्हरची बाजू मोकळी. भोगवटा पत्र हाय. रात्री नऊले जाऊन पाहलं, तिथं एकाची बंद पडलेली फटफटी अन गाद्या ठेवल्या होत्या, त्यानं आठ दिवसात काढून देतो म्हणलं, म्या म्हणलं काढल्यावरच इसार. काढल्या. खालच्या किराणावाल्याले पाण्याचं इचारलं, म्हणे २०२३ ले गल्लीत घोट्याएवढं होतं, आत नाई आलं. बँकेचा वकील कागद पाहून रायला, बायकोच्या नावावर घेतो.

शेवटी गाडी लावून पाहली, एका टर्नमधे आत. बाबा उतरले, बोनेटवर हात फिरवला, वर माळ्याकडं पाहलं, पायऱ्या मोजल्या. अठरा हाय. म्हणे, "गाडी खाली अन मी वर? हे कसं जमन. तिच्या बाजूले माही खाट मावते का ते मोज पयले."

टेप खिशातच होता. मोजलं. दोन फूट कमी पडते.