ऐंशीनंतर औषधाविना कोलेस्टेरॉल उतरले, तर ते चांगले समजावे का?

प्रश्न:
माझ्या आईचे वय ८३ आहे. तिला हृदयविकार नाही आणि कोलेस्टेरॉलची गोळी तिने कधीच घेतलेली नाही. काही वर्षांपूर्वी तिचे एलडीएल (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात) १३४ होते. यंदाच्या अहवालात ते ८८ आले. सगळे आकडे मर्यादेत पाहून घरच्यांना हायसे वाटले. नंतर मात्र असे वाचनात आले की उतारवयात ज्यांचे कोलेस्टेरॉल जास्त असते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण उलट कमी आढळते. माझ्या ७८ वर्षांच्या मामांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे आणि तेही हेच वाचून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, बंद करायचे म्हणत आहेत. या म्हणण्यात तथ्य किती आहे?

प्रतिसाद १:
निरीक्षण खरे आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र बहुधा चुकीचा असतो. नेदरलँड्समधील लायडन शहरात ८५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ७२४ जणांचा अभ्यास झाला आणि तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण कोलेस्टेरॉल लिटरमागे दर १ मिलिमोलने, म्हणजे डेसिलिटरमागे सुमारे ३९ मिलिग्रॅमने, जास्त असेल तर मृत्यूचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी, असे त्यात दिसले. हा फरक मुख्यतः कर्करोग आणि जंतुसंसर्ग यांमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये होता, ही गोष्ट पुढे सांगताना हमखास गाळली जाते.

कोलेस्टेरॉल प्रामुख्याने यकृतात तयार होते. शरीरात दीर्घकाळ दाह चालू असेल, खाणे कमी झाले असेल, एखादा कर्करोग लक्षणे न दाखवता वाढत असेल किंवा थायरॉईड अतिसक्रिय असेल, तर रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते, आणि निदान होण्याच्या बरेच आधीपासून उतरू शकते. अशा व्यक्ती पुढे दगावल्या की आकडेवारीत ‘कमी कोलेस्टेरॉल, जास्त मृत्यू’ अशी जोडी दिसते, पण त्यांचा घात मूळ आजाराने केलेला असतो. शिवाय ज्यांना जास्त कोलेस्टेरॉल बाधते, त्यांतले अनेक जण ऐंशीपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे मागे उरलेला गट मुळातच निवडक असतो. याउलट, पीसीएसके९ या जनुकातील काही बदलांमुळे ज्यांचे एलडीएल जन्मापासूनच कमी असते, त्यांच्यात हृदयविकार स्पष्टपणे कमी आढळतो.

म्हणून आपल्या आईच्या बाबतीत ८८ या आकड्यापेक्षा १३४ वरून ८८ हा उतार मला महत्त्वाचा वाटतो. तिचे वजन घटले आहे का?

प्रतिसाद २:
मामांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो अधिक तातडीचा आहे. आजारपणाने उतरलेले कोलेस्टेरॉल आणि औषधाने उतरवलेले कोलेस्टेरॉल यांना एकाच मापाने मोजता येत नाही. २००७ मध्ये ६१ अभ्यासांतील सुमारे ९ लाख व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल १ मिलिमोलने कमी असणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू चाळिशीत निम्म्याने, तर ७० ते ८९ या वयात सुमारे एक षष्ठांशाने कमी आढळले. हा फायदा वयानुसार आटतो हे खरे; पण त्या वयात असे मृत्यूच इतके अधिक असतात की एक षष्ठांश हासुद्धा मोठा आकडा ठरतो.

७० ते ८२ वयोगटातील ५,८०४ जणांवर प्रॅव्हास्टॅटिनची ‘प्रॉस्पर’ ही चाचणी झाली. २००२ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत हृदयविकाराचे मृत्यू २४ टक्क्यांनी घटले होते, मात्र सुमारे तीन वर्षांच्या त्या काळात एकूण मृत्युदरात फरक पडला नाही. पुढे २०१९ मध्ये २८ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले, आणि ज्यांना आधीच रक्तवाहिन्यांचा विकार आहे त्यांना स्टॅटिनचा लाभ पंचाहत्तरीनंतरही होतो, असे त्यातून दिसले. मामा नेमके याच गटात मोडतात. गोळी सोसत नसेल, स्नायू दुखत असतील, तर मात्रा किंवा औषध बदलता येते; पण हा निर्णय त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच व्हावा. विकार नसलेल्यांना पंचाहत्तरीनंतर गोळी नव्याने सुरू करावी का, याचा पुरावा अपुरा आहे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. मामांना आज हे सविस्तर सांगते. आईचे वजन आम्ही कधी केलेच नव्हते, पण आपण विचारल्यावर लक्षात आले की तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात आणि ताटातले अन्न ती अर्धे टाकते. मध्यंतरी तिला ताप येऊन गेला होता, त्याचाही परिणाम असेल का?

प्रतिसाद १:
असू शकतो. तापानंतर काही आठवडे एलडीएल आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) दोन्ही खाली राहू शकतात, म्हणून ती पूर्ण बरी झाल्यावर तपासणी पुन्हा करून घ्यावी. मात्र बांगड्या सरकू लागल्या असतील तर डॉक्टरांकडे जाण्यासाठी त्या अहवालाची वाट पाहू नये. वजन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) आणि यकृताच्या चाचण्या यांविषयी विचारावे, आणि दात किंवा गिळण्याचा त्रास आहे का हेही आवर्जून पाहायला सांगावे. कोलेस्टेरॉल वाढवण्यासाठी तूप-लोणी वाढवण्याच्या सल्ल्यात अर्थ नाही. तिला पुरेशी प्रथिने आणि पोटभर अन्न मिळणे अधिक गरजेचे आहे.