टीव्ही आणि गेम कन्सोलमध्ये ब्राउझर हवाच कशाला?

खटपट्या
आधी माझं मत, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. गेम कन्सोल, टीव्ही, असल्या उपकरणांत ब्राउझर देणं कंपन्यांनी बंद करावं. निन्टेन्डोने २०१७ मध्ये स्विच हा गेम कन्सोल आणला, त्यात ब्राउझर दिलाच नाही. लोकांनी बोंब मारली, मला मात्र पटलं. सार्वजनिक वायफायचं लॉगिन पान दाखवण्यापुरता एक लपवलेला ब्राउझर तेवढा आत होता. बाजारात येऊन काही दिवस होत नाहीत तोच हॅकर त्यातूनच शिरले. भोक कुठलं? तर वेबकिटमधलं (वेबपान उघडून दाखवणारं ब्राउझरचं इंजिन), जे ॲपलने आयफोनवर ऑगस्ट २०१६ मध्येच बुजवलं होतं! सोनीच्या पीएस४ कन्सोलची बरीच जेलब्रेकही (कंपनीची कुलपं तोडणं) ब्राउझरमधूनच सुरू झाली. ज्याची डागडुजी करायची नाही ते द्यायचं कशाला?

तिरकी मात्रा
तुमच्याच उदाहरणाने तुमचा मुद्दा पडला की हो. स्विचमध्ये ब्राउझर "नव्हता", तरी भोक होतंच. म्हणजे गिऱ्हाइकाला दार बंद, चोराला उघडं. त्यापेक्षा निन्टेन्डोचाच जुना कन्सोल, आमचा वी बरा. २००७ मध्ये त्यावर ऑपेरा ब्राउझर आला. मध्यंतरी त्याला निन्टेन्डोच्या दुकानातले ५०० पॉइंट मोजावे लागायचे, २००९ मध्ये फुकट झाला. रिमोट टीव्हीकडे रोखायचा आणि दुव्यावर टिचकी मारायची. होस्टेलवर कॉम्प्युटर नसलेल्या चौघांचा तोच सायबर कॅफे होता.

गावाकडचा नेटकरी
तुम्ही मंडळी कन्सोलवरच अडकलात. स्वस्त उपकरणातला ब्राउझर म्हणजे काय ते आम्हाला विचारा. साध्या जावा फोनवर मराठी साइट उघडली की नुसते चौकोन दिसायचे. मग कोणीतरी युक्ती सांगितली: ऑपेरा मिनी या फोनवरच्या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी "ऑपेरा:कॉन्फिग" टाका, यादीत "बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स" शोधा, तिथलं "नो" बदलून "येस" करा आणि सेव्ह. पान पुन्हा उघडलं की चौकोनांच्या जागी अक्षरं! पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडायचं, तिथेच मजकुराची चित्रं व्हायची आणि फोनवर ती यायची. फोनला जोडाक्षर ओ की ठो कळत नसलं तरी चालायचं. मजकूर कॉपी करता यायचा नाही आणि पान जरा जड व्हायचं, पण टूजीवर मराठी वाचायला मिळत होतं, आणखी काय पाहिजे? फोन बनवणाऱ्याने आम्हाला देवनागरी दिली नव्हती. ब्राउझरने दिली.

शंकासुर
दिली, पण मोबदल्यात काय घेतलं? मिनीत फोन ते ऑपेराचा सर्व्हर हा टप्पा कुलूपबंद, सर्व्हर ते बँक हाही कुलूपबंद, मधे सर्व्हरवर मात्र सगळं उघडं. ऑपेराने हे लपवलं नव्हतं, संपूर्ण कूटबद्धता हवी तर मोठा ब्राउझर वापरा असं तेच सांगत. वाचतो कोण? लोक त्यावरून बँकेत लॉगिन करायचे.

गावाकडचा नेटकरी
@शंकासुर, आमच्या खात्यात चोरण्यासारखं काही असतं तर आम्ही मोठाच फोन घेतला असता ना :)

बाराखडी
मी टीव्हीची ॲप्स बनवते, म्हणून थोडं आतलं सांगते. वेबओएस किंवा टायझेन या प्रणालींवर चालणाऱ्या टीव्हीवरची बहुतेक ॲप्स म्हणजे वेबपानंच असतात. पत्त्याची पट्टी नाही, एवढाच फरक. खटपट्या म्हणतात तसा ब्राउझर काढला तरी इंजिन जागेवरच राहणार, कारण त्याच्याशिवाय ॲप्स चालणार कशावर? जिओफोनचंही तेच. त्यातली कायओएस ही प्रणाली फायरफॉक्स ओएसचीच वंशज, त्यातली ॲप्सही वेबचीच.

खरं दुखणं इंजिनच्या वयाचं आहे. एलजीच्या २०१८ च्या टीव्हीत क्रोमियम ५३ (क्रोम ज्यावर बेतलाय ते) होतं, म्हणजे २०१६ चं. दुकानातून नवाकोरा टीव्ही आणलात तरी आतलं इंजिन दोन वर्षं जुनं. आम्ही आजही त्या टीव्हींसाठी कोड जुन्या जावास्क्रिप्टमध्ये उतरवून देतो. शिवाय साइटना सुरक्षेची प्रमाणपत्रं देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ज्याच्या आधारावर होती ते जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, तेव्हा अपडेट न मिळालेल्या कितीतरी उपकरणांवर चांगल्या साइट "असुरक्षित" दिसू लागल्या. साइटमध्ये काही बिघडलं नव्हतं, उपकरणाकडची विश्वासू प्रमाणपत्रांची यादी शिळी होती.

खटपट्या
बाराखडी ताई, हे तर माझ्याच बाजूचं झालं! शिळं इंजिन आहे ना? मग निदान त्यावर वाट्टेल ती साइट उघडू देऊ नका. ॲप ओळखीच्या सर्व्हरवरच जातं, पट्टीत माणूस काहीही टाकतो.

बाराखडी
ॲपमधल्या जाहिराती कुठून येतात असं वाटतं तुम्हाला?

तिरकी मात्रा
हाहा, +१.

अहो, अपडेट देता येतात. एक्सबॉक्सवर २०२१ पासून क्रोमियमवाला एज ब्राउझर आहे, कारण मायक्रोसॉफ्टला तो घरचाच. बाकीच्यांना खर्च नको असतो. युरोपच्या सायबर रेझिलियन्स कायद्यात आता साधारण किमान पाच वर्षं सुरक्षा अपडेट द्यायची अट आहे, डिसेंबर २०२७ पासून लागू.

शंकासुर
पाच? आमच्या घरचा टीव्ही नऊ वर्षांचा आहे. बाबा त्याच्या ब्राउझरवर रोज सकाळी पंचांग बघतात, आणि दुसरा टीव्ही घेऊ म्हटलं की रिमोट घट्ट धरतात.

गावाकडचा नेटकरी
मग खटपट्या भाऊ, तुम्हीच जाऊन त्यांच्या टीव्हीतला ब्राउझर काढा. पत्ता शंकासुर देतील.