मदत हवी आहे: व्यायामाच्या ॲपची चाचणी, आणि ‘सगळां बरां आसा’ म्हणणाऱ्या बायका

नमस्कार मंडळी,

मी मालवण तालुक्यातल्या गावातून एका छोट्या कंपनीचं काम घरून करते. आमचं घरच्या घरी व्यायाम करायचं ॲप तयार होत आलंय आणि वापरणाऱ्याला ते कसं वाटतं हे तपासायचं काम माझ्याकडे आहे. पुण्यातली चाचणी ऑफिसने उरकली. जिमला जाणारी तरुण मंडळी होती, निकाल छान आला. मी मात्र हट्टाने आमच्या बचत गटातल्या बायका घेतल्यात. कोणी काजू फॅक्टरीत दिवसभर बसून काम करते, कोणी मासे विकते, कोणी पर्यटकांची न्याहारी सांभाळते. वय चाळिशी ते साठी. पुण्यातल्या पोरांपेक्षा व्यायामाची गरज खरी यांना आहे.

अडचण अशी की यांच्याकडून खरं मत निघतच नाही. ‘कसां वाटला?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘सगळां बरां आसा गो बाय.’ मी गावातली लेक, माझं काम, त्याला नावं कशी ठेवायची!

पण शेजारी बसून पाहिलं की वेगळंच दिसतं. एक काकी मासे धुऊन तशीच व्यायामाला उभी राहिली. मध्येच दम लागला म्हणून ‘थांबवा’ दाबायला गेली, तर ओल्या अंगठ्याला स्क्रीन दाद देईना. पदराला हात पुसून पुन्हा दाबेपर्यंत ॲप पुढच्या व्यायामावर गेलेलं. ती फोनकडे बघत नुसती उभी राहिली. बटणही बारीक आहे. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात दाबायची जागा किमान ४८ डीपी (स्क्रीनवरचं मोजमापाचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावी असं सांगितलंय, आमचं त्याहून लहान निघालं. पावसाळ्याच्या दमट हवेत आणि घामात तर हे रोज होणार. त्याच काकीला नंतर विचारलं, तर ‘बरां आसा’.

सुरुवातीलाच ॲप ‘तुमचं ध्येय निवडा’ म्हणतं: वजन घटवणे, स्नायू वाढवणे, फिट राहणे. दुसरी म्हणाली, ‘माझो गुडघो दुखता, ता खंय लिवूचा?’ अख्ख्या चाचणीतलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच, पण ते कुठल्याच प्रश्नावलीत बसत नाही.

प्रश्नावली म्हणजे आम्ही एसयूएस (सिस्टीम युजेबिलिटी स्केल, वापरायला किती सोपं ते मोजणारी) वापरतो, जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एक विधान कौतुकाचं तर पुढचं तक्रारीचं. विषम विधानांच्या गुणांतून १ वजा, सम विधानांचे गुण ५ मधून वजा, बेरीज करून अडीचने गुणायचं. शंभरपैकी ६८ ही सरासरी धरतात. आता आमच्या बायका प्रेमापोटी सगळीकडे ५ देतात, अगदी ‘हे ॲप उगाच किचकट आहे’ यालाही. मग गुण होतात बरोब्बर ५०. म्हणजे भरभरून कौतुक केलेलं ॲप कागदावर सरासरीच्या खाली! ऑफिसला हा आकडा पाठवला तर ॲप वाईट ठरेल, आणि नाही पाठवला तर खऱ्या अडचणी दबून जातील.

शिवाय ऑफिस म्हणतं पाच जणी पुरे, पाच जणांत बहुतेक दोष सापडतात. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचं हे म्हणणं मला माहीत आहे. पण पुण्यातले पाच आणि इथल्या पाच एकाच गटातले कसे धरायचे? आमच्याकडे रेंजसाठी घाटी चढून वर यावं लागतं. व्हिडिओ आधी उतरवून ठेवता आला नाही तर व्यायाम सुरूच होत नाही. पुण्यात हा प्रश्न कोणाला पडलाच नाही.

तर विचारायचं असं: संकोची माणसांकडून मत काढायची रीत काय? एसयूएस ठेवावी की सोडावी? आणि शब्द मालवणीत करावेत की शाळेच्या मराठीत?

प्रतिसाद (दापोलीकर):
मत विचारूच नका, काम द्या. ‘व्यायाम मध्येच थांबवून दाखवा’, ‘कालचा व्यायाम शोधून काढा’. जमलं की नाही, कुठे अडलं, किती वेळ लागला, एवढंच लिहा. आणि दोघींना मिळून एक फोन द्या. एकटी बाई तुमच्याशी बोलणार नाही, पण मैत्रिणीला ‘अगो, हय नको, थय दाब’ म्हणेल. तुम्हाला हवं ते सगळं त्या बोलण्यात असतं. फक्त सासू-सुनेची जोडी लावू नका, सून गप्प बसेल.

एसयूएस ठेवायचीच असेल तर दहाही विधानं कौतुकाच्या बाजूने लिहिलेली वापरा. साउरो आणि लुईस या संशोधकांनी २०११ मध्ये तशी तपासली होती, गुणांत म्हणावा तसा फरक पडला नव्हता. गोंधळ मात्र टळतो. संकोचाने दिलेले ५ मात्र तिथेही ५च राहणार, म्हणून आकड्यावर भिस्त नको.

धागाकर्ती:
जोडीचं एकदम पटलं, शेजारणी-शेजारणी बसवते. सासू-सुनेचं बरं सांगितलंत, माझ्या यादीत तशी एक जोडी होती. काकी जिथे अडली तो व्हिडिओ तिला विचारून आकड्याच्या आधी ऑफिसला पाठवते. दहा विधानं मालवणीत लिहून उद्या इथेच टाकते. वेंगुर्ला-कुडाळकडच्यांनी वाचून, कुठलं वाक्य आपल्याकडे असं बोलत नाहीत ते नक्की सांगा.