कोबाल्ट मातीत अडकतं ते मँगनीजपाशी

कोबाल्ट सल्फेट (कोबाल्टचा क्षार, जो जमिनीला कोबाल्ट देण्यासाठी वापरतात) पाण्यात सहज विरघळतं, म्हणून जमिनीत घातलं की मुळांना मिळणारच, असा एक दावा केला जातो. विरघळतं हे खरं, पण मातीत गेल्यावर गोष्ट बदलते. चिकणमाती, सेंद्रिय पदार्थ आणि लोहाची ऑक्साइडं त्याला धरतात. पण खरी घट्ट पकड मँगनीज ऑक्साइडांची. त्यांच्या पृष्ठभागावर कोबाल्टचं ऑक्सिडीकरण होऊन त्याचा भार +२ चा +३ होतो आणि मग ते सहजासहजी सुटत नाही. मला हा मातीच्या रसायनातला फार सुंदर भाग वाटतो! म्हणून मँगनीज भरपूर असलेल्या जमिनीत वरून दिलेलं कोबाल्ट बरंचसं वाया जातं. चुना घालून सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) वाढवला तर पकड आणखी वाढते. उलट पाणी साचून मातीला हवा मिळेनाशी झाली, की मँगनीज ऑक्साइडं विरघळतात आणि अडकलेलं कोबाल्ट मोकळं होतं. तेव्हा नुसतं एकूण कोबाल्ट मोजू नका, मँगनीज आणि सामूही तपासा.