सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ : काकांच्या कुशीतली आग

ए-३०२ काकू : ह्यांच्या उजव्या कुशीत शुक्रवारपासून नुसती आग होतेय. बनियन घासला तरी विव्हळतात. उसण भरली म्हणून बाम चोळत होतो. आज बघते तर लाल चट्टा आणि त्यावर बारीक पाण्याचे फोड. पित्त उठलं असेल का?

बी-१०४ : ढेकूण चावले असतील काकू. सी विंगमध्ये परवाच पेस्ट कंट्रोल झालंय.

सी-५०१ : सी विंगमध्ये ढेकूण नाहीत. झुरळांचं केलं होतं. उगाच बदनामी नको.

ए-६०१ आजी : अगं नागीण आहे ती. दूर्वा नि तांदूळ वाटून लाव. आणि उतरवून घे लवकर. विळखा पुरा झाला की माणूस हातचा जातो.

बी-७०३ डॉक्टर : आजी, ओळखलंत अगदी बरोबर. विळख्याची भीती मात्र सोडा. ही मज्जातंतूच्या वाटेने येते आणि तो तंतू मणक्यापासून निघून शरीराच्या एकाच बाजूने पुढे येतो. म्हणून पट्टा साधारण मध्यरेषेपाशी थांबतो. काकू, डावीकडे एकही फोड नाही ना? काकांना लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?

ए-३०२ काकू : डावीकडे काहीच नाही. पाठीपासून पोटाकडे पट्टा आलाय खरा. कांजिण्या आल्या होत्या, सासूबाई सांगायच्या. पण त्याला साठ वर्षं झाली की गं!

बी-७०३ डॉक्टर : तोच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती घटली की उठतो. आधी दोन-चार दिवस आग, मुंग्या, ठणका, आणि मग फोड. म्हणूनच सगळे आधी बाम लावतात. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर चांगलं, त्यामुळे सोमवारची वाट बघू नका. पण केमिस्टकडून परस्पर घेऊ नका, किडनी बघून डोस ठरतो. लेप नको. फोड फोडायचे नाहीत. आणि फोटो मला वेगळा पाठवा, ग्रुपवर नको 🙏

ए-२०५ : माझ्या आईचं डाव्या छातीत दुखत होतं, अंगावर काही नाही. रात्री इस्पितळात पळालो, ईसीजी नॉर्मल. फोड उठले तिसऱ्या दिवशी! फोड गेले, पण ठणका पुढे कित्येक महिने. पंख्याचा वारा लागला तरी ओरडायची.

बी-७०३ डॉक्टर : ईसीजी काढलात ते उत्तम केलंत. छातीत दुखलं की नागीण वगैरे नंतर, आधी हृदय. मागे राहतो तो ठणका पन्नाशी-साठीनंतर जास्त दिसतो. त्याची औषधं वेगळी असतात, साध्या वेदनाशामकाने भागत नाही.

ए-४०१ : डॉक्टर, आमच्या सुनेला सातवा महिना आहे. काकांच्याच मजल्यावरच्या ताईंकडे जाते रोज. लिफ्टमधून पसरेल का?

बी-७०३ डॉक्टर : लिफ्टने नाही. फोडातल्या पाण्याचा संपर्क झाला तर, आणि तेही ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि कांजिण्यांची लसही घेतलेली नाही त्याला. त्यालाही नागीण नाही, कांजिण्या होतात. खपल्या धरेपर्यंत काकांनी फोड झाकून ठेवावेत, टॉवेल वेगळा. सुनेला कांजिण्या झाल्यात का ते विचारा. नसतील तर तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

बी-१०४ : कपाळावर आली तर आंधळेपण येतं म्हणे?

बी-७०३ डॉक्टर : डोळ्याला धोका असतो खरा. कपाळ, पापणी आणि विशेष म्हणजे नाकाचा शेंडा. तिथे फोड दिसला की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कानात फोड आणि तोंड वाकडं झालं तरी तसंच, धावायचं.

सी-५०१ : लस आहे ना याची?

बी-७०३ डॉक्टर : आहे. शिंग्रिक्स २०२३ पासून आपल्याकडे मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांना. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे. काकांना आत्ता नाही, बरे झाल्यावर बघू.

ए-६०१ आजी : मग दूर्वा नकोच?

बी-७०३ डॉक्टर : गणपतीला वाहा आजी 😀 काकू, फोटो बघितला. मी दहा मिनिटांत खाली येते. काकांची शुगरची फाईल आणि शेवटचा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचा, रिपोर्ट काढून ठेवा.

सेक्रेटरी : ए विंगची लिफ्ट बंद आहे, मेकॅनिक दुपारी येईल. डॉक्टर, जिन्याने या.