अनुभव धागा: एका लेखकाच्या प्रेमळ नजरेतून दुसरा लेखक

अत्र्यांमुळे बहिणाबाई घरोघरी पोचल्या, लक्ष्मीबाई टिळकांमुळे बालकवी ठोमरे घरातले वाटू लागले. असं वाचताना काय गवसतं, काय निसटतं? आपली कहाणी नको, वाचायची रीत सांगा.

जळगावहून
बहिणाबाईंच्या गाण्यांना अत्र्यांनी लिहिलेली प्रस्तावना शेवटी वाचा. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या, गाणी १९५२ मध्ये छापून आली आणि अत्र्यांचं ‘बावनकशी सोनं’ त्यांना कायमचं चिकटलं. कौतुक अस्सलच आहे. पण निरक्षर बाईच्या प्रतिभेचं नवल पुढे येतं नि शेतीची जाण मागे राहते. मग लोक दोन ओळी तोडून सुविचारासारख्या फळ्यावर लिहितात. त्यापेक्षा ‘कापणी’, ‘रगडनी’, ‘उपननी’ एका बैठकीत, याच क्रमाने म्हणा. खळ्यात मेढीभोवती (मधल्या खांबाभोवती) मळणीसाठी बैलांची पात, म्हणजे जुंपलेली रांग, फिरते, मग उपणणी, म्हणजे वाऱ्यावर धान्य पाखडणं. वारा पडला की दाणा-भुसा वेगळा होत नाही, काम अडतं. म्हणजे ‘उपननी’तली वाऱ्याची मनधरणी नुसता अलंकार नाही, कामाची निकड आहे. मोठ्याने म्हणा आणि ‘ळ’च्या जागचा ‘य’ सुधारू नका (‘डोया’ तो डोयाच), नाहीतर यमक मोडतं.

भुसावळहून
शाळकरी पोरांना मात्र अत्रे आधी द्यावेत. बोली अडते तिथे त्यांचा उत्साह उपयोगी पडतो.

धरणगावहून
ठोमऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात मिळाली. लक्ष्मीबाईंच्या आठवणींतही ते लाडकं, हट्टी पोरच. दोन्ही मिळून ‘फुलराणी’चा कवी पक्का होतो आणि उदास ‘पारवा’ अपवाद वाटायला लागतो. दोन्ही कविता लागोपाठ वाचा, मगच आठवणींकडे वळा. ज्यात ते गेले त्या १९१८ च्या भादलीच्या रेल्वे अपघाताचं सावट उदास कवितांवर टाकू नका, त्या आधीच लिहिलेल्या आहेत.

धुळ्याहून
यात साने गुरुजीही धरा. १९३२ मध्ये इथल्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली, ती गुरुजींनी टिपून घेतली. वक्ता विनोबा, लेखणी गुरुजींची. विनोबांची स्वतःची लेखणी पाहायची तर त्याआधीच लिहून झालेली ‘गीताई’, म्हणजे त्यांनी मराठी पद्यात आणलेली गीता, शेजारी ठेवा. बाराव्या अध्यायापासून सुरुवात करा. एकीकडे मोजके शब्द, दुसरीकडे दाखल्यांमागून दाखले. हा फरक सगळा गुरुजींच्या खाती मांडू नये. बोलणं ऐसपैस असतंच, शिवाय मजकूर विनोबांच्या नजरेखालून गेलेला आहे.